जुन्या जीपचा संसार

मराठीच्या अध्यापकाने दिवाळी अंकासाठी लेखणी उचलली की ती संत, पंत किंवा तंत कवींच्या दिशेने धावणार, असा एक सार्वत्रिक समज आहे. यंदा माझी लेखणी धावते आहे ती जीपगाडीच्या मागे. घरी हा बेत सांगितला तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "तुम्हांला सायकलची साखळी चढवता येत नाही, अन् तुम्ही जीपवर लिहिणार!" आक्षेप रास्त आहे. परंतु संगीतावर लिहिणाऱ्या सगळ्यांनाच कोठे गाता येते? माणूस चांगला श्रोता असला म्हणजे पुष्कळ झाले. जीपच्या बाबतीत मी तसा जुना श्रोता आहे. गेली तीसएक वर्षे सुट्टीत आजोळी गेलो की मामांच्या जीपखाली विजेरी धरून बसणे हे माझे ठरलेले काम. त्या उजेडात जे दिसले आणि त्या वेळी जे कानांवर पडले, तेवढ्याच भांडवलावर हा लेख उभा आहे.

आजोळ भोरच्या पश्चिमेला, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला. तिथला पाऊस म्हणजे पाहुणा नव्हे, चार महिन्यांचा घरजावईच. वाडीपर्यंतच्या शेवटच्या वाटेवर एक ओढा, एक खडी चढण आणि बाकी सगळा चिखल. या वाटेने पावसाळ्यात आजारी माणूस, बाळंतीण, खताची पोती आणि दहावीच्या परीक्षेला बसणारी पोरे खाली नेण्याचे काम मामांची जीप करीत आली. गाडी १९६८ सालची. एका सरकारी खात्याच्या लिलावात मामांनी ती घेतली, तेव्हाच ती वापरून जुनी झालेली होती.

यंदा दोन गोष्टी एकदम घडल्या. गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली आणि मामांचा डावा गुडघा क्लच दाबायला नकार देऊ लागला. मामांनी पंचाहत्तरी केव्हाच ओलांडली आहे. तेव्हा गाडी मुलाकडे जाणार हे ठरलेलेच होते. माझा हा मामेभाऊ पुण्यात इंजिनिअर आहे आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरवाटांवर गाड्या घालणाऱ्या हौशी मंडळींत त्याची ऊठबस आहे. तो आला तो यादी घेऊनच: मोठे रुंद टायर, उंच उचललेली गाडी आणि पेट्रोलच्या जागी डिझेल एंजिन. मामा म्हणाले, "गाडीच्या एका नटाला हात लावायचा नाही." बापलेकांचे बोलणे दोन दिवस जेवणापुरतेच उरले. शेवटी मामी मला म्हणाल्या, "तू मास्तर आहेस. दोघांना एका बाकावर बसव बाबा."

मी बसवले, पण शिकवले ते तिसऱ्यानेच. त्या गृहस्थांकडे वळण्यापूर्वी गाडीची जन्मकथा थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण वादाचे मूळ तिथेच आहे.

युद्धातून शेतात

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन सैन्याला एक हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी तातडीने हवी होती. पहिला नमुना करून द्यायला मुदत होती अवघी ४९ दिवसांची. पेनसिल्व्हेनियातील बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरच्या हातून तो नमुना मुदतीत उभा केला. पुढे मोठी कामे मिळाली ती विलीज आणि फोर्ड या कंपन्यांना, आणि युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. 'जीप' या नावाच्या व्युत्पत्तीवर तर विद्वानांचे रणच माजले आहे. कोणी ते फोर्डच्या 'जीपी' या अक्षरांतून काढतो, तर कोणी १९३६ साली 'पॉपाय'च्या चित्रमालिकेत अवतरलेल्या, कोठेही पोहोचणाऱ्या 'जीप' नावाच्या प्राण्याकडे बोट दाखवतो. व्युत्पत्तीपेक्षा वापर मोठा, हा भाषेचा नियम येथेही लागू पडतो.

युद्धानंतर ही गाडी शेतकऱ्यांसाठी आली. आपल्याकडे महिंद्र कंपनीने चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस सुटे भाग आणून मुंबईत जीपगाड्या जोडायला सुरुवात केली, आणि पुढे त्या इथेच बनू लागल्या. मामांची गाडी 'सीजे-३बी' जातीची. मूळ विलीज कंपनीने ही जात १९५३ साली काढली. तिचे बॉनेट उंच दिसते त्याला कारण आहे. नव्या एंजिनात हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपा माथ्यावर नेल्या, एंजिन उंच झाले, म्हणून टोपीही उंच करावी लागली. अमेरिकेत ही गाडी १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे ती पुढेही कित्येक वर्षे बनत राहिली.

या गाडीत मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असतात. एक पुढच्या चाकांना जोर जोडतो, दुसरा सगळेच गिअर आणखी हळू आणि दमदार करतो. त्याला चालक मंडळी 'लो' म्हणतात. हिशेब सांगतो. पहिला गिअर, 'लो' आणि आसाचे दाते यांचा गुणाकार केला की एंजिनाच्या सुमारे ३७ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. म्हणजे सत्तरएक अश्वशक्तीची ही गाडी माणसाच्या चालीपेक्षाही सावकाश, ब्रेकला पाय न लावता उतार उतरते. तिचे खरे बळ वेगात नाही, या सावकाशीत आहे.

भार कोण सोसणार?

आता ते तिसरे गृहस्थ. भोरच्या बाजारपेठेबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये एक मिस्त्री बसतात. मामांच्या गाडीला त्यांच्याशिवाय दुसऱ्याचा हात लागलेला नाही. त्यांच्यापुढे भावाने यादी वाचली. मिस्त्रींनी ती शांतपणे ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, "करू की. पण त्याचा भार कुणी सोसायचा, ते सांगा."

मोठ्या टायरपासून सुरुवात झाली. मूळ टायर उंचीला सुमारे २८ इंच. भावाला हवे होते ३१ इंचांचे. मिस्त्री म्हणाले, "टायर तीन इंच वाढला, तर पोटाखाली जागा किती वाढंल?" आस चाकाच्या मध्यावर असतो, तेव्हा उत्तर दीड इंच. त्या दीड इंचाची किंमत काय? चाक मोठे झाल्याने गाडीचा तो ३७ चा दम तेहेतिसाच्या आसपास येतो, म्हणजे चढणीवर क्लच घासावा लागतो. ब्रेक तेवढेच राहतात, पण त्यांना थांबवायचे चाक मोठे होते. वजन वाढल्याने स्टिअरिंगचे सांधे आणि आसाच्या आतले दांडे यांवर ताण येतो. शिवाय वेगाचा काटा खोटे बोलू लागतो. तो दाखवतो त्याहून गाडी जोरात पळत असते.

रुंदीचीही गंमत आहे. आमच्या बाजूचा चिखल वीतभर, फार तर हातभर. खाली मुरूम असतो. अरुंद टायर चिखल कापून मुरमापर्यंत पोहोचतो आणि तिथे दात रोवतो. रुंद टायर वरच तरंगतो. वाळूत आणि तळ नसलेल्या चिखलात मात्र रुंदच टायर बरा. म्हणजे चांगला टायर कोणता, हे टायरच्या दुकानात नव्हे, आपल्या वाटेवर ठरते. आणि एक बदल तर फुकटचा आहे. वाट अवघड आली की टायरमधली थोडी हवा कमी करावी. टायर पसरतो, जमिनीला अधिक बिलगतो. मात्र जुन्या गाड्यांच्या टायरांत ट्यूब असते. हवा फारच सोडली तर टायर रिंगवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळासकट उपटला जातो. आणि डांबरी सडकेला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरलीच पाहिजे.

दुसरी कलमे गाडी उंच करण्याची. चासीशी पाटे ज्या कड्यांनी लटकतात त्या लांब करायच्या, की गाडी दिसायला रुबाबदार होते. पण या जीपच्या डाव्या-उजव्या चाकांतले अंतर अवघे चार फूट. ओझे उंच गेले की आडव्या उतारावर ती कलंडायला उशीर लावत नाही. गिअरपेटीकडून मागच्या आसाकडे जाणारा दांडा आधीच आखूड; गाडी उचलली की तो अधिक तिरका होतो आणि त्याचे 'क्रॉस' लवकर खातात. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात. "पाटा मऊ अन् मोकळा हवा," मिस्त्री म्हणाले, "चाक खड्ड्यात उतरलं पायजे. गाडी नुसती उंच करून ती चांगली चढती व्हय?"

तिसरे कलम एंजिनाचे. डिझेल एंजिन हळू फिरतानाच जोर देते, इंधन कमी पिते आणि ठिणगीवर चालत नसल्यामुळे पाण्याचे शिंतोडे उडाले तरी बंद पडत नाही. ऐंशीच्या दशकात महिंद्रच्याच जीपांत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याने बनलेली डिझेल एंजिने आली, ती काही उगीच नव्हे. पण त्या गाड्या त्या एंजिनासाठी घडवलेल्या होत्या. जुन्या पेट्रोल जीपमध्ये ते बसवायचे तर वजन पुढच्या पाट्यांवर, धक्के चासीवर आणि जोर गिअरपेटीवर. पुन्हा तोच प्रश्न, भार कोण सोसणार?

कायद्याचा दांडा

याच ठिकाणी कायदाही उभा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, कंपनीने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणीचा तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच मुद्दा ठामपणे मांडला. अपघात झाला आणि गाडीत असा बदल आढळला, तर विम्याचा दावाही वादात पडू शकतो. खासगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. जुन्या गाडीवर आपल्या राज्यात पर्यावरण कर द्यावा लागतो तो वेगळाच.

यावर भावाने एक तोड काढली होती. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. मान मोठा, नंबरही खास. पण अशी गाडी प्रदर्शनाला, फेरीला, दुरुस्तीला किंवा इंधन भरायला बाहेर काढता येते. रोजच्या वापराला नाही. मामांनी विचारले, "आणि रात्री कुणी पोटात दुखतंय म्हणून हाक मारली, तर प्रदर्शन आहे म्हणून सांगू?" तोड तिथेच तुटली. साधी नोंदणीच वाढवायची ठरली.

तीन रकाने

तेव्हा मिस्त्रींनी एक युक्ती सांगितली आणि मी फळ्याची सवय असल्यामुळे ती वहीत मांडली. तीन रकाने केले. पहिला, 'गाडी जगावी म्हणून'. दुसरा, 'माणूस जगावा म्हणून'. तिसरा, 'लोकांनी बघावे म्हणून'. प्रत्येक बदल यांतल्या एकात टाकायचा. पहिले दोन आधी पुरे करायचे. पैसे उरले तर तिसरा.

दुसऱ्या रकान्यात मामांनाही मान्य करावी लागली अशी कामे निघाली. या गाडीचे ब्रेक एकाच नळीच्या जोरावर चालतात. कोठेही गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. दुहेरी सिलिंडर बसवला तर निदान दोन चाके हातात राहतात, आणि नोंदपुस्तकातला एकही रकाना बदलत नाही. हा ब्रेकचा सिलिंडर मुळात पायांखालच्या पत्र्याखाली, चिखलाच्या तोंडीच असतो. त्याचे तेल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते ठरलेल्या काळाने बदललेच पाहिजे. हॅन्डब्रेकचीही एक खोड आहे. तो चाकांना नव्हे, मधल्या दांड्याला धरतो. त्यामुळे मागचे एक चाक जॅकवर उचलले की हॅन्डब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. उपाय म्हणजे आधी फोर व्हील जोडून ठेवणे, चाकांना दगड लावणे, आणि तरीही गाडीखाली डोके न घालणे.

पेट्रोलची टाकी आसनाखालीच. तेव्हा जुन्या, साल निघालेल्या तारा बदलून प्रत्येकीला फ्यूज देणे हेही त्याच रकान्यात. आणि एक गोष्ट काळाने आणलेली. २०२५ पर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. १९६८ च्या रबराने त्याचे नाव ऐकलेले नव्हते. जुन्या नळ्या आणि पंपाचे पडदे त्याने फुगतात, चिरतात. इथेनॉलला पाण्याचीही ओढ, म्हणून उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साचते. नळ्या आणि पडदा नव्या जातीचे घातले.

पहिल्या रकान्यात मात्र मामाच गुरू. फोर व्हील कोरड्या डांबरावर लावायचे नाही. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि या गाडीत तो फरक गिळणारी सोय मध्ये नाही. दांडे पीळ भरून बसतात आणि गिअर निघत नाही. निघत नसला तर हातोडा न घेता गाडी चार हात मागे घ्यावी, पीळ सुटतो. ओढ्यात शिरण्यापूर्वी पंख्याचा पट्टा उतरवावा, म्हणजे पंखा पाणी उडवून एंजिन विझवीत नाही. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबून सुकवावे, आणि पट्टा आठवणीने चढवावा.

खरी काळजी दुसऱ्या दिवशीची. चालून तापलेला आस थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि हवेच्या छिद्रात चिखल बसला असेल तर सीलमधून पाणी ओढते. म्हणून सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, आसाच्या तळाचा बूच जरासा सैल करायचा. पाणी तेलाहून जड, ते तळाशी बसलेले असते आणि आधी तेच बाहेर येते. तेल ताकासारखे पांढुरके दिसले तर सगळे बदलायचे. ग्रीस मारताना जुने काळे ग्रीस बाहेर पडेपर्यंत मारायचे, कारण नव्याच्या मागोमाग माती आणि पाणीही बाहेर निघते. आजोळच्या वाडीत बैलगाडीला वंगण घालणारे हात अजून आहेत. त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

मोकळ्या सडकेवर चाळीसच्या पुढे गेले की जुन्या जीपची पुढची चाके कधीकधी थरथर कापू लागतात. बाजारात यावर एक दाबदांडी मिळते, ती बसवली की थरथर थांबते. मिस्त्री ती बसवत नाहीत. "कापरं थांबतं, पन ताप उतरत न्हाई," ते म्हणाले. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचे. खिळ्याचा, सांध्यांचा, बेअरिंगचा खेळ हाताला कळतो. तो काढला की कापरे आपोआप जाते.

आणि तिसरा रकाना? त्यात भावाने प्रामाणिकपणे आपलीच यादी उतरवली. मोठे टायर, उंची, डिझेल. मग बराच वेळ तो त्या पानाकडे बघत बसला. त्याचा विचार पोरकट नव्हता. एक चाक पुढचे आणि एक मागचे हवेत राहिले की जोर त्या मोकळ्या चाकांतूनच वाहून जातो आणि फोर व्हील असूनही गाडी जागची हलत नाही, ही त्याची तक्रार खरी होती. मामांनी त्याला पायाच्या ब्रेकचा हलका दाब देऊन मोकळे चाक आवरण्याची युक्ती दाखवली. ती नेहमी साधत नाही. म्हणून मागच्या आसात कुलूप बसवण्याचा त्याचा मुद्दा मिस्त्रींनी फेटाळला नाही. "त्या जोराला पुरंल असा आतला दांडा आधी आणा, मग बघू," एवढेच म्हणाले. भावाने तो मुद्दा पहिल्या रकान्यात हलवला, पुढे प्रश्नचिन्ह काढून.

जाता जाता एक विनंती. गाडी कोठेही जाते म्हणून ती सगळीकडे न्यावी असे नाही. आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर माती काही बोटेच असते आणि पावसाळ्यात तिच्यावर कोवळी फुलझाडे येतात. तिथे एकदा उमटलेली चाकोरी कित्येक वर्षे पुसली जात नाही. ओढ्याकाठचा चिखल भरपूर आहे. हौस तिथे भागवावी.

पुष्कळ घरांत अशी एखादी गाडी असते. वडिलांची असते, काकांची असते, पत्र्याखाली उभी असते. मुलांना ती एकतर भंगारात द्यायची असते किंवा ओळखू येणार नाही इतकी सजवायची असते. दोन्हीही करण्यापूर्वी जो माणूस ती आजवर चालवीत आला, त्याच्याबरोबर एक पावसाळा ती चालवावी. त्या माणसाला जे ठाऊक असते ते कोणत्याही पुस्तकात छापलेले नसते, आणि गुडघे त्याची वाट पाहत नाहीत. मिस्त्रींकडे तर शिकायला आता कोणी येतही नाही.

मामांकडे एक लांब, लाल बांधणीची हिशेबाची वही आहे. गाडीला केव्हा काय झाले ते सगळे तीत तारखेसकट लिहिलेले आहे. शुद्धलेखन असे की माझ्या विद्यार्थ्याने तसे लिहिले असते तर मी पेपर परत केला असता. 'डिफरनशल' हा शब्द त्यांनी पाच प्रकारांनी लिहिला आहे. परवा भावाचा फोन आला. नोंदणी वाढवून मिळाली होती. वहीतली सगळ्यात खालची नोंद आता त्याच्या अक्षरात आहे: 'मागच्या आसाचे पाणी काढले. तेल स्वच्छ. अण्णा शेजारी बसून होते.'